महोदय

महोदयांचं खरं नाव राशन कार्डावर असेल, सातबाऱ्यावर तर नक्कीच असेल. कारंज्यात ते कोणाला लागत नाही. भाषणाच्या पहिल्या वाक्यात 'अध्यक्षमहोदय' म्हणता म्हणता ते स्वतःच महोदय झाले. पोस्टमन त्यांना महोदय म्हणतो, दूध डेअरीवाला म्हणतो, आणि शेजारच्या आंगणातलं जेमतेम बोलायला लागलेलं पोरगं 'महोदयआबा' म्हणतं. अध्यक्ष मात्र ते कधीच झाले नाहीत. ना सोसायटीचे, ना शाळा समितीचे, ना गणेश मंडळाचे. अध्यक्षाला शेवटी बोलावं लागतं आणि तोवर लोक चपला शोधत असतात, हे त्यांनी फार लवकर ओळखलं. म्हणून त्यांनी स्वतःसाठी प्रास्ताविक, सूत्रसंचालन आणि आभारप्रदर्शन एवढंच मागून घेतलं. म्हणजे सुरुवात त्यांची, मधल्या फटी त्यांच्या आणि शेवटही त्यांचाच. पाहुण्यांना उरलेल्या वेळात बोलायची मुभा असते.

घरी संत्र्याचा बगीचा, दोन म्हशी, काकू, आणि लोखंडी कपाटात सत्काराच्या शाली. शाली एवढ्या झाल्या, की काकू त्या हिवाळ्यात म्हशींच्या पाठीवर टाकतात. 'माह्या म्हशी सत्कारमूर्ती आहेत,' असं त्या आल्यागेल्याला सांगतात. महोदय हे ऐकत नाहीत. ऐकणं हा त्यांचा विषयच नाही.

माइकजवळ जाण्याआधीचे महोदय बघण्यासारखे असतात. आधी ते मंडपामागे जाऊन खर्रा थुंकतात. प्राचीन ग्रीसमधला डेमोस्थेनिस नावाचा वक्ता जीभ सुधारावी म्हणून तोंडात गारगोट्या धरून बोलायचा सराव करी, अशी हकिगत प्लुटार्कने लिहून ठेवली आहे. महोदयांना ती पाठ आहे. आमच्याकडे गारगोट्यांची गरज पडत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून गालात धरला, की माणूस दिवसभर सरावच करत असतो. स्टँडवर उभी असलेली माणसं तोंड वर करून, एकही व्यंजन न वापरता, शेतीचे वाद मिटवतात आणि सोयरिकी जमवतात. 'त्यानं गोटे धरले, आपण खर्रा धरला,' महोदय सांगतात, 'थुंकला का जीभ मोकळी. तत्त्व एकच.' डॉक्टरांचं तत्त्व वेगळं आहे, पण डॉक्टरांना सभेत कोणी बोलू देत नाही.

थुंकून झालं की भाषा बदलते. मंचाखाली 'येऊन राहिलो ना बाप्पा, काऊन घाई करून राहिला,' म्हणणारा माणूस तीन पायऱ्या चढला की 'मी आपणां सर्वांचे सहर्ष स्वागत करीत आहे' यावर येतो. प्रमाण भाषेच्या धाकाने त्यांचे 'ण' नको तिथेही उगवतात. 'मला अतिशय आणंद होत आहे' हे वाक्य तालुक्यात प्रसिद्ध आहे. मध्येच माइक बंद पडतो. तो पडतोच, कारण मंडपवाल्याची वायर जुनी आहे. मग महोदय खाली वाकून ओरडतात, 'काय झालं बे वायरले?' तेवढं एक वाक्य मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचतं, आणि पेंगणारी माणसंही माना वर करतात. वायर जोडली की पुन्हा सहर्ष स्वागत सुरू.

दरवर्षी ऑगस्ट लागला की महोदयांच्या ओट्यावर वक्तृत्वाची शिकवणी भरते. फी नाही. स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धेची पोरं रांगेत उभी राहतात आणि महोदय त्यांना हातवारे शिकवतात. 'आकाश' म्हटलं की उजवा हात वर. 'मातृभूमी' म्हटलं की दोन्ही हात खाली. 'शत्रू' म्हटलं की बोट कुंपणाकडे. कुंपणापलीकडे ज्यांचं घर आहे त्यांनी एकदा तक्रार केली, तेव्हापासून शत्रू रस्त्याकडे नेला आहे. दुसरा नियम नजरेचा. 'लोकांच्या तोंडाकडं पाहू नका, गडबडून जाल. डोक्यांवरून पाहा. मंडपाच्या शेवटच्या बांबूवर नजर ठेवा.' हा नियम त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचला आणि आयुष्यभर पाळला. कारंजा तालुक्यातले सगळे बांबू त्यांना ओळखतात. माणसांचं सांगता येत नाही.

तिसरा धडा धीटपणाचा. 'घाबरायचं नाही. गांधीजीही घाबरले होते,' असं ते सांगतात, आणि वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला गांधीजी सांगायला कोणाची परवानगी लागत नाही. बॅरिस्टर होऊन आलेले गांधी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात मामीबाईच्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले. डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचला नाही, ते खाली बसले. खटला दुसऱ्या वकिलाकडे द्या म्हणाले आणि ३० रुपये फी परत केली. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहिलं आहे. तेच गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. आवाज बारीक, हातवारे नाहीत, बोलणं चरख्याच्या बैठकीवरून. ते ऐकायला देशभरातून माणसं वर्धा स्टेशनात उतरत.

ही गोष्ट सांगून झाली तेव्हा एका पोरीने विचारलं, 'आबा, तुमाले कधी भेव वाटलं होतं?'

'मला? छे!' महोदय छाती काढून म्हणाले.

माझ्या मते घोळ इथेच आहे. ज्याला समोरच्या लोकांचं भय वाटतं, त्याचं निदान समोरच्या लोकांकडे लक्ष तरी असतं.

तीच पोरगी त्या वर्षी स्पर्धेत पाठ केलेलं भाषण अर्ध्यात विसरली. थोडं थांबून ती आपल्या आजोबांच्या बगीच्याबद्दल बोलायला लागली. डिंक्या कसा लागला, एकेक झाड कसं वाळलं, आजोबांनी कुऱ्हाड मागितली आणि हाणली मात्र नाही, असं काहीबाही. हात दोन्ही फ्रॉकच्या खिशात. बायांनी डोळे पुसले, टाळ्या थांबेनात. परीक्षक महोदय होते. हात वर गेला नाही म्हणून गुण कापले, 'वाळून राहिले होते' म्हणाली म्हणून भाषेचे कापले, आणि तिला तिसरा नंबर दिला. रात्री काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, 'तेच एक पोरगी बोलली. बाकीच्यायनं पाढे म्हटले.' महोदयांनी पोळी मागितली.

त्यांची एक जाड वही आहे. तिच्यात प्रसंगाप्रसंगाची भाषणं लिहून ठेवलेली आहेत: उद्घाटन, वाढदिवस, जयंती, शेतकरी मेळावा, पशुप्रदर्शन. निरोप समारंभ आणि शोकसभा यांचं भाषण एकच, क्रियापदांचा काळ तेवढा बदलायचा. पशुप्रदर्शनाचं भाषण माझं आवडतं आहे. आमच्या भागाची पांढरी, चपळ गवळाऊ गाय, तिला राखणारे नंद गवळी, आर्वी-कारंज्याची रानं, हे सगळं त्यात खरंखुरं आणि मनापासून आहे. शिवाय त्या दिवशी श्रोते खुंट्याला बांधलेले असतात.

आता त्यांची एक मोठी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्यावर जळफळाटाचा आरोप येईल.

कारंजे महाराष्ट्रात दोन प्रसिद्ध. एक वाशिम जिल्ह्यातलं, लाडांचं, नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी, गुरुमंदिरासाठी ख्यात. दुसरं आमचं घाडग्यांचं, नागपूर-अमरावती हायवेवरचं, संत्र्यासाठी आणि ट्रकच्या हॉर्नसाठी ख्यात. एका वाचनालयाच्या कार्यक्रमाला बाहेरगावचे एक निवृत्त साहेब बोलावले होते. गाडी बरोबर आमच्याच कारंज्यात आली. भाषण मात्र दुसऱ्या कारंज्यात गेलं. 'नृसिंह सरस्वतींच्या पावन जन्मभूमीला मी प्रथम वंदन करतो,' इथून जे सुरू झालं ते थांबेना. गुरुचरित्र, दत्तसंप्रदाय, गाणगापूर, औदुंबर. लोक अदबीने ऐकत होते. कोणी हसलं नाही, पण वाचनालयाच्या सचिवांनी रुमाल तोंडात धरला होता. अशा वेळी पाहुण्याला कसं सांगायचं? आणि नाही सांगायचं तर उद्या वर्तमानपत्रात काय छापून येईल?

महोदय आभाराला उठले. 'आदरणीय साहेबांनी आज एकाच हारात दोन्ही कारंजे ओवले,' ते म्हणाले. 'कोणी म्हणेल, महाराज तर तिकडचे. अहो, दत्तगुरू काय तालुका पाहून राहतात? जिथे भाविक, तिथे त्यांचं कारंजं!' टाळ्यांनी पत्रे हलले. साहेब गहिवरले. चहा घेताना त्यांनी महोदयांना हळूच विचारलं, 'गुरुमंदिराचं दर्शन होईल का आता?' महोदयांनी घड्याळाकडे पाहिलं आणि अतिशय दुःखाने सांगितलं, 'उशीर झाला साहेब. आता पोहोचेपर्यंत बंद होईल.' यात खोटं काहीच नव्हतं.

त्यांचा खरा कस लागतो तो निवडणुकीत. आर्वी मतदारसंघाची सभा, मंडप भरलेला, मोठे साहेब नागपुराहून निघालेले. साहेब वेळेवर आले तर ते मोठे कसले? तेवढा वेळ माणसं धरून ठेवायची जबाबदारी पक्ष कोणताही असो, महोदयांकडे येते. चार वाजता ते जाहीर करतात, 'साहेब कोंढाळीला पोहोचले आहेत.' पाचला साहेबांनी कोंढाळी सोडलेली असते. साडेपाचला कोंढाळीत साहेबांचं जंगी स्वागत सुरू असतं. एका सभेत मागून एक म्हातारबा उठले. 'महोदय, ते कोंढाळी नागपुराकडं सरकून राहिली का बाप्पा?'

मंडप हसला. दुसरा वक्ता असता तर चिडला असता. महोदय म्हणाले, 'बुवा, कोंढाळी तिथेच आहे. साहेबच जनतेच्या प्रेमाने मागे ओढल्या जात आहेत.' आणि लगेच १९४२ वर आले.

१९४२ हा त्यांचा हुकमाचा एक्का. १४ जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीचा ठराव, ८ ऑगस्टला मुंबईत गोवालिया टँकवर 'छोडो भारत', आणि १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, इकडे आपल्या आष्टीत आणि तिकडे चिमूरला लोक पोलीस ठाण्यांवर चालून गेले. आष्टीत माणसं गोळ्यांनी पडली, म्हणून ती आज आष्टी (शहीद). मंडपात आष्टीकडची सोयरीधायरी असलेले लोक असतात. तिथे कोणी खोकत नाही. महोदय मुठी वळून बोलत असतात, नजर बांबूवर, आणि त्यांना हे दिसत नाही की पुढच्या रांगेतल्या आज्यांना या भाषणाची गरजच नाही. त्यांच्या घरात ते न शिकवता आलेलं आहे. त्या दिवशी महोदय 'आणि तेव्हा त्या वीरांनी' इथपर्यंत आले होते, एवढ्यात गाड्यांचे हॉर्न वाजले. साहेब आले, नऊ मिनिटं बोलले आणि आर्वीच्या सभेला उशीर होतो म्हणून निघून गेले. आभार महोदयांनी मानले. ते साहेबांच्या भाषणापेक्षा लांब झाले.

खरं म्हणजे बोलून माणसं हलवण्याची विद्या या रस्त्यावरच उभी राहिलेली आहे. कारंज्याहून अमरावतीची एसटी धरली, की तळेगाव, तिवसा आणि मग गुरुकुंज मोझरी. तिथल्या तुकडोजी महाराजांच्या हातात माइक नव्हे, खंजिरी असे. ती वाजली की गाव गोळा होई. इंग्रज सरकारने त्यांना १९४२ साली नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजनाला सरकार एवढं भ्यायलं, याहून वक्तृत्वाचं मोठं प्रशस्तिपत्र मला माहीत नाही. अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावचे गाडगेबाबा तर कीर्तनात स्वतः फार सांगतच नसत, विचारत असत. लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे, आणि शेवटी माणूस स्वतःच्याच तोंडून स्वतःची चूक कबूल करी.

महोदयांनी हा गाडगेबाबांचा मार्ग एकदा व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात वापरून पाहिला. हात कानाजवळ नेऊन त्यांनी लोकांना विचारलं, 'सांगा, दारू प्यावी का?'

मागून उत्तर आलं, 'पाजता का?'

त्या दिवसापासून ते लोकांना काही विचारत नाहीत. गाडगेबाबांनी त्या 'पाजता का'वाल्याला पुढे बोलावून तासभर त्याच्याशीच गप्पा मारल्या असत्या आणि सगळ्या गावाची दारू त्याच्याच तोंडून सोडवली असती. महोदयांच्या वहीत त्या उत्तराला जागा नव्हती.

हे झालं मंडपातलं. मंडपाबाहेरचे महोदय पाहायचे असतील, तर आंबिया बहाराच्या सौद्याला जावं. फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, बगीचा फिरून पाहतो आणि सगळ्या बागेचा एकठोक भाव सांगतो. पटला तर इसार, नाहीतर राम राम. तो व्यापारी कमी बोलणारा होता. धुऱ्यावरून चालत गेला, खाली पडलेली दोन-चार फळं चपलेनं सरकवली आणि म्हणाला, 'गळ लय आहे.' मग गप्प.

महोदयांनी घसा साफ केला. 'नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झालेले आहे. संपूर्ण भारतवर्षात...'

'हो,' व्यापारी म्हणाला. पुन्हा गप्प. सरळ महोदयांच्या डोळ्यांत पाहत उभा.

बगीच्यात बांबू नव्हता. महोदयांची नजर झाडांच्या शेंड्यांवर गेली, विहिरीच्या मोटारीवर गेली, आभाळात गेली. शांतता वाढत चालली, आणि शांतता हीच तर त्यांना सोसत नाही. सभेत ती पडली की ते चारोळी टाकतात. इथे चारोळी चालणार नव्हती. म्हणून त्यांनी ती शांतता मिळेल त्या शब्दांनी भरायला सुरुवात केली. 'तसं म्हणजे आपण काही अडून बसणारे नाही... थोडंफार कमी-जास्त... पंधरा-वीस हजार इकडे-तिकडे...' व्यापाऱ्याने अजून भावसुद्धा सांगितला नव्हता. महोदय एकटेच बोलत, एकटेच घासाघीस करत, स्वतःलाच हरवत निघाले होते.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवले. 'पटते तं इसार द्या,' त्या म्हणाल्या आणि आकडा सांगितला, 'नाही तं वरुडचा व्यापारी उद्या येऊनच राहिला.' एवढं बोलून त्या झाडाखाली बसल्या आणि ओटीतल्या तुरीच्या शेंगा सोलायला लागल्या.

व्यापारी गप्प. काकू गप्प. महोदयांनी तोंड उघडलं.

'तुमी चहा घ्या,' काकू म्हणाल्या.

शेंगांचा ढीग निम्मा झाला तेव्हा व्यापाऱ्याने खिशात हात घातला. तो गेल्यावर महोदयांनी विचारलं, 'वरुडचा कोणता व्यापारी?'

'मले काय माहीत? कोणी ना कोणी येईनच ना.'

पुढच्या शेतकरी मेळाव्यात महोदयांनी 'विक्रीव्यवहारात प्रभावी संवादकौशल्याचे महत्त्व' या विषयावर पाऊण तास मार्गदर्शन केलं. स्वतःच्या बगीच्याचं उदाहरण दिलं. काकूंचा उल्लेख 'माझ्या सौभाग्यवतींनी उत्तम चहा केला' एवढाच आला. काकू तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या.

महोदयांच्या भाषणाने आजवर कोणाची दारू सुटली नाही, कोणाचं मत फिरलं नाही आणि संत्र्याचा भावही वाढला नाही. पण साहेब येईपर्यंत तीनशे माणसं उन्हात बसवून ठेवणं आणि चुकलेल्या पाहुण्याची लाज राखून त्याला पोटभर चहा पाजणं, या दोन कामांत त्यांना तालुक्यात जोड नाही. ही कामं करणारी माणसं थोडी असतात आणि पुरस्कार दुसऱ्याच वक्त्यांना मिळतात.

तेव्हा तुमच्याकडे काही कार्यक्रम असला तर महोदयांना जरूर बोलवा. मानधन घेत नाहीत, पेट्रोलचे पैसे द्या. शाल देऊ नका, म्हशी दोनच आहेत. पत्रावर कारंजा लिहून पुढे कंसात घाडगे लिहायला विसरू नका. आणि आभारप्रदर्शन जेवणाआधी ठेवू नका, भात थंड होतो.